जागल्या, फितूर आणि न्यायाची तुला



ज्या गुरुजींच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आयुष्यभर मुलांना भाषा शिकवली. भाषा शिकवणे म्हणजे शब्दाशब्दांतला भेद शिकवणे, असे मी समजतो. म्हणून आजचा विषय कायद्याचा आणि सैन्याचा दिसत असला, तरी त्याच्याकडे मी भाषेच्या वाटेनेच जाणार आहे. मी कायदेपंडित नाही आणि सैनिकही नाही. परंतु राष्ट्राचे गुपित फोडणाऱ्याला शिक्षा किती व्हावी, या प्रश्नाच्या मुळाशी आपण त्या माणसाला कोणत्या नावाने हाक मारतो हा प्रश्न आहे, आणि तो भाषेच्या अभ्यासकाच्या अधिकारात येतो.

आपल्या भाषेत या माणसासाठी नावे पुष्कळ आहेत. चहाडखोर, चुगलखोर, घरभेदी, फितूर. ही सगळी नावे शिव्यांच्या जवळची आहेत. चहाडी करणारा स्वतःच्या लाभासाठी दुसऱ्याचे उणे मोठ्यांच्या कानी घालतो. घरभेदी घराची वाट परक्याला दाखवतो. फितूर किल्ल्याचे दार शत्रूला उघडून देतो. १६८९ साली रायगड मोगलांच्या हाती गेला, त्याचे खापर परंपरेने सूर्याजी पिसाळ याच्या माथी फोडले आणि त्याचे नाव मराठीत फितुरीचा समानार्थी शब्द होऊन बसले. इतिहासाच्या अभ्यासकांत या कथेच्या तपशिलाविषयी मतभेद आहेत. कागद काय म्हणतात याचा निवाडा होण्याआधीच नावाला कलंक चिकटला, ही गोष्ट आजच्या विषयाच्या दृष्टीने ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

या सर्व शब्दांहून निराळा असा एक शब्द मात्र आपल्या गावगाड्यात होता. तो म्हणजे जागल्या. रात्री गाव निजले असता जो जागा राहतो आणि चोराची चाहूल लागताच हाळी देतो, तो जागल्या. गेल्या काही वर्षांत मराठी वृत्तपत्रांनी हा जुना शब्द उचलला आणि कार्यालयातला, कारखान्यातला वा पलटणीतला गैरप्रकार जगापुढे आणणाऱ्या माणसाला तो दिला. हे नामकरण मला फार समर्पक वाटते. जागल्या गावाचाच माणूस असतो. त्याची हाळी गावासाठी असते. ती ऐकून झोपमोड झाली म्हणून कोणी जागल्याला चोर ठरवीत नाही. परंतु चोर गावच्याच वाड्यातला निघाला, तर? तेव्हा मात्र जागल्यालाच फितूर म्हणण्याचा मोह वाड्याला होतो. आजच्या विषयाचा सारा पेच या एका मोहात आहे.

हा पेच समजून घेण्यासाठी आपल्याला दूर जाण्याचे कारण नाही. हे हैदराबाद शहर त्याचे साक्षी आहे.

१९४८ सालचे हे संस्थान आठवा. मराठवाड्याचे जिल्हे तेव्हा याच संस्थानात होते. रझाकारांचा धुमाकूळ चालू होता आणि सरकार त्याच्याकडे काणाडोळा करीत होते. फरीद मिर्झा नावाचे एक मुस्लिम महसूल अधिकारी नांदेड जिल्ह्यात नोकरीस होते. रझाकारांचे अत्याचार पाहून त्यांनी आपल्या पदाचा राजीनामा दिला. त्यांच्यासह काही प्रतिष्ठित मुस्लिम गृहस्थांनी ऑगस्ट १९४८मध्ये निवेदन काढून रझाकारांना आवरावे आणि भारताशी समेट करावा, अशी मागणी केली. 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांनी या विचाराला आपल्या पत्रात स्थान दिले. किंबहुना विलीनीकरणाचा पक्ष ते पूर्वीपासूनच निर्भयपणे मांडीत होते. त्याच महिन्याच्या २१ तारखेच्या रात्री काम आटोपून घरी परतत असताना काचीगुड्याच्या परिसरात त्यांच्यावर हल्ला झाला. मारेकऱ्यांनी त्यांचा लिहिता हात तोडला. त्या जखमांनी त्यांचे प्राण गेले. वय तिशीच्या आतले. त्यांच्या दृष्टीने ते आपल्या शहराची सेवा करीत होते. ज्यांनी त्यांना मारले त्यांच्या लेखी ते फितूर होते. आज आपल्यापैकी कोणाला या दोन नावांतले खरे कोणते, याविषयी शंका नाही.

श्रोतेहो, हे उदाहरण आपल्याला सोपे जाते, कारण त्यातला अन्यायी पक्ष पराभूत झाला. यापुढचे उदाहरण इतके सोपे नाही. मी ते टाळले असते तर माझे आजचे भाषण सोयीस्कर झाले असते, प्रामाणिक झाले नसते.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य संस्थानात शिरले. १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली आणि दुसऱ्या दिवशी संस्थानचे सेनापती अल इद्रूस यांनी मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्यापुढे शस्त्रे ठेवली. तो मुक्तीचा दिवस होता आणि मराठवाडा तो यथार्थ अभिमानाने साजरा करतो. पण त्या दिवसांत आणि त्यानंतरच्या आठवड्यांत खेड्यापाड्यांतून सूडाची जी लाट उसळली, तिच्या वार्ता दिल्लीस पोहोचल्या. पंतप्रधान नेहरूंच्या इच्छेनुसार पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी यांचे सदिच्छा मंडळ नोव्हेंबरअखेरीस येथे आले. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत ते संस्थानच्या सोळांपैकी नऊ जिल्ह्यांत फिरले, गावोगावच्या माणसांशी बोलले, आणि त्यांनी आपला अहवाल सादर केला. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांना सर्वाधिक झळ पोहोचल्याचे त्यात होते. पोलीस कारवाईच्या काळात आणि त्यानंतर २७ ते ४० हजार माणसे प्राणांस मुकली असावीत, असा अंदाज त्यात होता. मृत बहुतांशी मुसलमान होते. काही ठिकाणी सैन्यातील व पोलिसांतील माणसांचा या कृत्यांत हात होता, असेही त्यात नमूद होते. रझाकारांनी आधी केलेले अत्याचार अहवालाने नाकारले नव्हते. हिंदू शेजाऱ्यांनी मुसलमान कुटुंबांना जिवावर उदार होऊन वाचवल्याची उदाहरणेही त्याने नोंदवली होती, आणि सैन्याच्या शिस्तीविषयी चांगले शब्दही त्यात होते.

हा अहवाल सरकारने प्रसिद्ध केला नाही. सरदार पटेलांना मंडळाचा निष्कर्ष मान्य नव्हता आणि असे मंडळ चौकशीसाठी पाठवलेच नव्हते, अशी त्यांची भूमिका होती. दशकांमागून दशके गेली. १९८८ साली ओमर खालिदी यांच्या ग्रंथातून त्याचे काही अंश बाहेर आले, पुढे ए. जी. नूरानी यांनी २०१३ साली आपल्या पुस्तकात तो विस्ताराने मांडला. म्हणजे पासष्ट वर्षे लोटली. यातला एक योगायोग मला अस्वस्थ करतो. पंडित सुंदरलाल यांचा इंग्रजी राजवटीवरील ग्रंथ १९२९ साली इंग्रज सरकारने प्रसिद्ध होताच जप्त केला होता. त्याच लेखणीने लिहिलेला अहवाल स्वराज्यातही कपाटाच्या बाहेर येऊ शकला नाही.

आपण विचारायला हवे की या गुप्ततेने राखले काय? त्या वेळी देश नुकता फाळणीतून होरपळून निघाला होता, आकडे बाहेर आले असते तर इतरत्र आग भडकली असती, हा युक्तिवाद १९४८ साली खोटा नव्हता. परंतु जी सबब एका वर्षापुरती खरी असते, ती पासष्ट वर्षे पुरत नाही. या काळात तोंडोतोंडी आकडे फुगत गेले. काहींनी दोन लाख सांगितले, काहींनी सारे घडलेच नाही असे सांगितले, आणि दोघांनाही पुरावा मागण्याची सोय उरली नाही. अहवालच समोर नसल्याने कोणत्या ठिकाणी कोणाचा दोष किती, हे तोलता आले नाही. त्यामुळे दोषी सुटले, हा एक तोटा झाला. दुसरा तोटा आपण सहसा मोजत नाही. ज्या सैनिकांनी शिस्त पाळली आणि ज्या शेजाऱ्यांनी दारात उभे राहून माणसे वाचवली, त्यांचे श्रेयही त्याच कपाटात कुलूपबंद झाले. गुपित दुर्जनाला झाकते तेव्हा ते सज्जनालाही झाकते.

आता कायद्याकडे वळू. आपल्याकडील शासकीय गुपिते अधिनियम १९२३ सालचा, म्हणजे परक्या राज्यकर्त्यांनी आपल्या सोयीसाठी केलेला आहे. १९६७ साली त्यात दुरुस्ती झाली, पण त्याचा पिंड तोच राहिला. त्याचे तिसरे कलम हेरगिरीचे. संरक्षणविषयक बाबतीत त्याखाली चौदा वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. पाचवे कलम माहिती अनधिकृतपणे दुसऱ्याला देण्याचे, जवळ बाळगण्याचे वा निष्काळजीपणे हाताळण्याचे. त्याखाली तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि माहिती घेणाराही त्यात अपराधी ठरतो. पण गुपित म्हणजे काय, याची व्याख्या या कायद्यात नाही. कागदावर 'गोपनीय' हा शिक्का मारणारा कारकून तेथे व्याख्याकार होतो.

माझ्या मते गुपित बाहेर जाण्याचे तीन प्रकार आहेत आणि आपल्या बोलीत त्यांना तीन साधी क्रियापदे आहेत. कोणी गुपित विकतो. कोणाच्या हातून ते सांडते. कोणी ते सांगतो. विकणाऱ्याचा हेतू लाभाचा आणि गिऱ्हाईक परके. सांडणाऱ्याचा हेतू काहीच नाही, दोष केवळ ढिलाईचा. सांगणारा मात्र स्वतःच्या लोकांना, त्यांच्या हिताची वाटणारी गोष्ट, बहुधा स्वतःचे नुकसान करून सांगतो. न्याय्य शिक्षेची पहिली पायरी म्हणजे हे तीन अपराध एका गाठोड्यात न बांधणे. कायद्याने पहिला प्रकार वेगळा काढला आहे. पण दुसरा आणि तिसरा पाचव्या कलमात एकाच ओळीत बसवले आहेत.

या भेदाचे महत्त्व किती असते, ते नागपूरच्या एका प्रकरणाने दाखवले. ब्राह्मोस क्षेपणास्त्राच्या प्रकल्पात काम करणाऱ्या एका तरुण अभियंत्याला ऑक्टोबर २०१८मध्ये अटक झाली. परकीय हेरांनी खोट्या नावांनी त्याच्याशी संपर्क साधला होता आणि त्याच्या खासगी संगणकावर गोपनीय कागद सापडले होते. जून २०२४मध्ये सत्र न्यायालयाने त्याला जन्मठेप सुनावली. डिसेंबर २०२५मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने हेरगिरीच्या आरोपांतून त्याची मुक्तता केली आणि निष्काळजीपणाबद्दलची तीन वर्षांची शिक्षा तेवढी कायम ठेवली. तितकी त्याने आधीच भोगली होती. 'विकले' आणि 'सांडले' या दोन क्रियापदांमधले अंतर त्या तरुणासाठी एका जन्मठेपेएवढे होते. आपल्या कंचनबागेच्या प्रयोगशाळांत, भारत डायनॅमिक्समध्ये, मिश्र धातु निगममध्ये शहरातील कितीतरी घरांची मुले काम करतात. हे प्रकरण त्यांच्या आईबापांनी दोन्ही अंगांनी लक्षात ठेवावे. सांडणे हाही अपराध आहे. परंतु तो विकण्याइतका मोठा नाही.

राहिला तिसरा प्रकार, सांगणाऱ्याचा. आणि सर्वांत अवघड प्रसंग तोच, कारण सैनिकाला सांगण्याची मुभाच जवळजवळ नसते. राज्यघटनेच्या तेहतिसाव्या अनुच्छेदाने सैन्यदलांतील व्यक्तींचे मूलभूत हक्क मर्यादित करण्याचा अधिकार संसदेला दिला आहे, आणि लष्करी कायद्याखाली सैनिकाला परवानगीवाचून वृत्तपत्रांशी बोलता येत नाही. या बंधनाला कारण आहे. ज्या माणसांना एका आज्ञेसरशी मृत्यूच्या तोंडात जायचे असते, त्यांनी प्रत्येक आज्ञेची चर्चा चव्हाट्यावर केली तर पलटण पलटण राहणार नाही. मी हे कारण मनापासून मानतो. म्हणूनच वरिष्ठांकडे दाद मागण्याची वाट त्याच कायद्याने सैनिकाला दिली आहे. प्रश्न इतकाच उरतो की ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे, त्याच्याच टेबलावरून ती वाट जात असेल तर सैनिकाने काय करावे?

जानेवारी २०१७मध्ये सीमा सुरक्षा दलातील तेज बहादूर यादव या जवानाने मिळणाऱ्या जेवणाची दुरवस्था दाखवणारी चित्रफीत प्रसृत केली. देशभर चर्चा झाली. दलाने आरोप अमान्य केले आणि एप्रिलमध्ये त्याला दलाच्या न्यायालयाने बडतर्फ केले. पातळ डाळ हे राष्ट्राचे गुपित आहे काय? लष्कराच्या शिधापुरवठ्यातल्या उणिवांवर तर याच्या काही वर्षे आधी नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी संसदेला अहवाल दिला होता. जे महालेखापरीक्षकाने लिहिले तर कर्तव्य ठरते, तेच जेवणाऱ्याने बोलले की शिस्तभंग होतो. मार्ग चुकला म्हणून शिक्षा द्यावी हे समजू शकते. पण ती देताना मजकूर खरा होता की खोटा, हे तोलले गेले पाहिजे, आणि तोललेले लोकांना दिसले पाहिजे. खोट्या आरोपाला बडतर्फी कदाचित योग्य ठरेल. खऱ्या आरोपाला ती कधीच योग्य ठरणार नाही.

याच महिन्यांत नाशिकजवळच्या देवळालीत जे घडले ते याहून दारुण आहे. सैनिकांना अधिकाऱ्यांच्या घरची कामे करावी लागतात, हे दाखवणारे छुपे चित्रीकरण एका वृत्तसंस्थेने फेब्रुवारी २०१७मध्ये प्रसिद्ध केले. त्यात बोललेला केरळचा एक तोफखान्यातील जवान मार्चच्या आरंभी छावणीतल्या एका ओसाड बराकीत गळफास घेतलेल्या स्थितीत आढळला. त्यानंतर ते चित्रीकरण करणाऱ्या महिला पत्रकारावर आणि तिला साहाय्य करणाऱ्या माजी सैनिकावर गुपिते अधिनियमाखाली व आत्महत्येस प्रवृत्त केल्याबद्दल गुन्हा नोंदवला गेला. २०१९मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला. गुपिताचा कायदा येथे लागूच पडत नव्हता. तरीही या कथेत मी पत्रकाराला पूर्णपणे निर्दोष म्हणणार नाही. न्यायालयात दोष नसणे वेगळे आणि नीतीत दोष नसणे वेगळे. ज्याचे तोंड तुम्ही उघडता, त्याला तुम्ही काय करीत आहात हे ठाऊक असले पाहिजे आणि नंतर त्याचे काय होईल याचा भार तुम्ही उचलला पाहिजे. त्या जवानाला जागल्या व्हायचे होते की नाही, हे त्याला कोणी विचारलेच नव्हते.

बाहेरच्या जगाचा अनुभवही हेच सांगतो. १६ मार्च १९६८ रोजी व्हिएतनाममधील माय लाय या खेड्यात अमेरिकन सैनिक गावकऱ्यांची कत्तल करीत असता ह्यू थॉम्प्सन या वैमानिकाने आपले हेलिकॉप्टर मध्ये उतरवले, काही जीव वाचवले आणि वरिष्ठांकडे तक्रार केली. त्याला बरीच वर्षे देशद्रोह्यासारखी वागणूक मिळाली. सैन्याने त्याचा गौरव केला तो १९९८ साली. याच्या उलट २०१०मध्ये चेल्सी मॅनिंग या सैनिकाने सुमारे सात लाख कागद एका झटक्यात बाहेर दिले. त्यांत युद्धातील अन्यायाचे पुरावे होते आणि अन्यायाशी संबंध नसलेले असंख्य कागदही होते. न्यायालयाने शत्रूला साहाय्य केल्याचा आरोप फेटाळला, पण पस्तीस वर्षांची शिक्षा दिली. २०१७मध्ये राष्ट्राध्यक्षांनी ती कमी केली आणि सुटका झाली. थॉम्प्सनने एक घटना सांगितली. मॅनिंगने सांगणे आणि सांडणे एकत्र केले. म्हणून दोघांना एकाच मापाने मोजता येणार नाही. पण विकल्याचा आरोप दोघांवरही अन्यायाचाच ठरला असता.

मग शिक्षा न्याय्य केव्हा म्हणावी? मला चार कसोट्या दिसतात. माहिती कोणाला दिली, आपल्या लोकांना की परक्या सत्तेला? ती दिल्याने प्रत्यक्ष हानी कोणती झाली, की केवळ कोणाची नाचक्की झाली? सांगणाऱ्याने आधी आतले दार ठोठावले होते काय, आणि ते दार उघडणारे होते काय? आणि चौथी कसोटी, जे सांगितले ते आवश्यक तेवढेच होते काय? या चारही कसोट्यांवर उतरणाऱ्याला शिक्षा होऊ नये. काहींवर उतरणाऱ्याला सौम्य व्हावी. एकीवरही न उतरणाऱ्याला कठोर व्हावी, त्याविषयी माझ्या मनात दयेला जागा नाही. याला एक पुस्ती जोडतो. शिक्का मारून अपराध झाकणाऱ्यालाही शिक्षा असली पाहिजे. आज ती नाही, आणि म्हणून तुला एकाच बाजूला झुकते.

कायद्यात आशेची चिन्हे आहेत. माहितीच्या अधिकाराच्या २००५च्या कायद्याचे आठवे कलम सांगते, की लोकहित हानीपेक्षा मोठे असेल तर गुपिते अधिनियम असूनही माहिती देता येते. दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने २००६मध्ये १९२३चा अधिनियमच रद्द करून राष्ट्रीय सुरक्षेपुरत्या तरतुदी वेगळ्या कराव्यात, असे सुचवले होते. तेज बहादूर प्रकरणानंतर तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल रावत यांनी सैनिकांसाठी तक्रारपेट्या ठेवण्याचे जाहीर केले, ही गोष्ट लहान असली तरी दिशा बरोबर होती. परंतु जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा २०१४ साली संमत होऊनही दहा वर्षे उलटली तरी अंमलात आला नव्हता. कायदा करणे आणि त्याला झोपवून ठेवणे, हे जागल्याच्या बाबतीत तरी विचित्र आहे.

मराठी माणूस या संदर्भात रामशास्त्री प्रभुण्यांचे नाव घेतो. १७७३ साली नारायणराव पेशव्यांचा खून झाला, तेव्हा रघुनाथरावांना तोंडावर देहान्त प्रायश्चित्त सांगून त्यांनी न्यायासन सोडले. त्यांचा आदर्श थोर आहे. पण शास्त्रीबोवांना न्यायासन होते, विद्येचा मान होता, आणि पुणे सोडून गेल्यावर लोकांत प्रतिष्ठा होती. देवळालीच्या बराकीतल्या जवानापाशी यांतले काय होते? प्रत्येकाने रामशास्त्री व्हावे ही अपेक्षा फार मोठी आहे. समाजाचे काम त्याहून साधे आहे. सामान्य माणसाला खरे बोलण्यासाठी रामशास्त्र्यांएवढे धैर्य लागू नये, इतकी व्यवस्था आपण केली तरी पुरे.

आणि ती व्यवस्था शाळेपासून सुरू होते. वर्गात एखादे मूल उभे राहून काही सांगते, तेव्हा ती चहाडी आहे की हाळी आहे, हे शिक्षकाला त्या क्षणी ओळखावे लागते. प्रत्येक सांगणाऱ्याला चहाडखोर म्हणून खाली बसवले, तर पुढे त्याच वर्गातून गप्प बसणारे अधिकारी निघतात. प्रत्येकाचे खरे मानले, तर चुगलखोर निघतात. शब्दांतला हा भेद राखणारे शिक्षक या शाळेला लाभले, म्हणून त्यांच्या नावाने आपण येथे जमतो. हा भेद पुढच्या पिढीच्या हाती देणे, हीच त्यांच्या स्मृतीस योग्य आदरांजली होईल.